मदत हवी आहे: काठीच्या सावलीवरून अलिबाग थेट कराचीजवळ निघतंय, कुठे चुकतंय?

नमस्कार मंडळी, सोसायटीतल्या आठ-दहा पोरांना सूर्य-ताऱ्यांवरून जहाज कुठे आहे ते कसं काढतात हे दाखवायचं मी हौसेने कबूल करून बसलोय, मी स्वतः अकाउंट्सवाला, भूगोल दहावीला सुटला तो सुटलाच.

ध्रुवताऱ्याचं जमलं. कोनमापकाला स्ट्रॉ चिकटवली, दोऱ्याला नट बांधून लोंबकळत सोडला, सप्तर्षीतल्या पुलह आणि क्रतूची रेष पुढे नेऊन ध्रुव पकडला, दोऱ्याखाली 71 आले, 90 मधून वजा केले तर 19, म्हणजे तारा क्षितिजापासून 19 अंश वर आणि तेवढाच आपला अक्षांश. अलिबाग 18.6 आहे, खूष झालो.

मग 30 मेला गच्चीत 1 मीटरची काठी ओळंब्यात उभी केली. सर्वात छोटी सावली 12:36 ला, सव्वापाच सेंमी. त्यावरून सूर्याची उंची 87 अंश. सूत्र मिळालं ते असं, 90 वजा उंची अधिक त्या दिवशीची सूर्याची क्रांती, म्हणजे सूर्य ज्या अक्षांशावर बरोब्बर डोक्यावर येतो तो (21.8). उत्तर 24.8!! ते तर कराची. पोरं हसतील हो. आणि रेखांश कसा काढायचा तेही सांगा प्लीज, सोप्या भाषेत.

खारा_वारा: सावली कुठल्या बाजूला पडली होती?

धागाकर्ता: दक्षिणेला, पाण्याच्या टाकीकडे. थांबा, दुपारची सावली उत्तरेला पडायला हवी ना आपल्याकडे?

खारा_वारा: तिथेच मेख आहे. मेच्या मध्याला शून्य सावली दिवस (भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर, सावली पायाखाली) होऊन गेला की सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेला सरकतो तो जुलैअखेरपर्यंत तिकडेच, म्हणून तुमचं सूत्र या दोन-अडीच महिन्यांत उलटं पडतं. खरं तर पोरांना सूत्र देऊच नका. एवढंच सांगा की त्या क्षणी सूर्य कुठल्यातरी एका गावाच्या बरोब्बर डोक्यावर असतो, 30 मेला ते गाव 21.8 अक्षांशावर होतं, म्हणजे आपल्या सरळ वर भरूचच्या आसपास. तुमच्याकडे सूर्य डोक्यावरून 3 अंश कलला, तर तुम्ही त्या गावापासून 3 अंश लांब. 1 अंश म्हणजे 60 सागरी मैल, तीनाचे झाले 180, साधारण 333 किमी. कुठल्या दिशेला ते सावली सांगते, दक्षिणेला पडली म्हणजे तुम्ही दक्षिणेला. 21.8 वजा 3, 18.8. आलं की अलिबाग! बोटीवर सेक्स्टंट (सूर्य-ताऱ्याची उंची अंशात मोजायचं यंत्र) घेऊन करतात तेही मुळात हेच, फक्त बारीक मापाने. तुमच्या काठीला 1 सेंमी चुकलं की अर्धा अंश गेला, म्हणजे 30 मैल.

रेखांशाला घड्याळ लागतं. पृथ्वी 4 मिनिटांत 1 अंश फिरते. आपली घड्याळं 82.5 रेखांशाची, तुमचा मध्यान्ह 12:36 ला, म्हणजे 36 मिनिटं उशिरा, शिवाय मेअखेरीस सूर्य घड्याळापेक्षा अडीचेक मिनिटं पुढे असतो ती मिळवा, साडेअडतीस भागिले 4 म्हणजे 9.6, तुम्ही तेवढे पश्चिमेला, 72.9. जुना बॉम्बे टाइम, म्हणजे मुंबईची स्थानिक वेळ, आयएसटीच्या (भारतीय प्रमाणवेळेच्या) 39 मिनिटं मागे होता तो याच हिशोबाने. अठराव्या शतकात हॅरिसन या इंग्रज घड्याळजीने बोटीवर टिकणारं घड्याळ बनवलं त्याचं एवढं कौतुक का, तर 4 सेकंद चुकली की विषुववृत्तावर 1 सागरी मैल चुकतो.

गच्चीवरचा_चंद्र: कोनमापक नसेल तर हात ताठ करून मूठ धरा, एक मूठ साधारण 10 अंश. ध्रुव दोन मुठींच्या जरासा खाली. अरब खलाशी 'कमाल' वापरायचे, लाकडाची पाटी आणि गाठी मारलेली दोरी, दोरी दातात धरून. पोरांना हे जाम आवडतं, पुठ्ठ्याचं होतं. आणि त्या स्ट्रॉमधून सूर्याकडे कुणालाही बघू देऊ नका, पोरं हमखास बघतात.

धागाकर्ता: भरूचवालं डोक्यात फिट बसलं, खूप आभार. सूत्राचा कागद फाडला. आता अडचण एकच, कालपासून आभाळ भरून आलंय, काठी जाऊ दे, ध्रुवसुद्धा दिसेना.

खारा_वारा: ढगात सेक्स्टंटवालाही हात चोळत बसतो. पुठ्ठे कापून ठेवा तोवर.