अनुभव धागा : चारचौघांत घडणारा 'मी' (सातारा-सांगली)

कृष्णाकाठ

'लोक काय म्हणतील' याला आपण सगळेच नावं ठेवतो, पण माणूस स्वतःला ओळखतो तो बराचसा लोकांच्याच तोंडून. चार्ल्स कूली या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं १९०२ मध्ये याची फोड केली होती. मी समोरच्याला कसा दिसत असेन, तो माझ्याबद्दल काय मत करत असेल, आणि त्यापायी मला वाटणारा अभिमान किंवा लाज. यातल्या पहिल्या दोन गोष्टी आपल्याच डोक्यात शिजतात, समोरच्याला पत्ताही नसतो.

इथं बचत गट, तालीम, वसतिगृह, गलाई (सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा धंदा) सांभाळणारी मंडळी आहेत. आत्मचरित्र नको. माणसाची स्वतःबद्दलची समजूत कोणत्या कृतीनं बदलते आणि कुठं बिघडते, तेवढं लिहा.

माणगंगा (बचत गट, माण)

गटात १० ते २० बायका. पहिल्या बैठकीला नाव विचारलं तर बऱ्याच जणी 'अमक्याची आई' एवढंच सांगतात. म्हणून सुरुवात हजेरीपासून. तिचं स्वतःचं नाव पुकारायचं आणि 'हजर' तिनंच म्हणायचं, शेजारणीनं नाही. बसायचं गोलात. रांगा केल्या की मागच्या रांगेतल्या महिनोन्‌महिने तोंड उघडत नाहीत.

कर्जाची मागणी सचिवानं वाचून दाखवायची नाही. जिला पैसे हवेत तिनं सगळ्यांसमोर सांगायचं: किती, कशासाठी, फेडणार कशातून. "शेळीला आठ हजार पाहिजेत, करडं विकून दिवाळीपर्यंत फेडते." एवढं वाक्य न अडखळता बोलता आलं की तीच बाई पुढं रेशन दुकानात मापावरून भांडते. ही प्रगती कुठल्याच रजिस्टरात येत नाही.

सहीचं जरा सविस्तर सांगते. अंगठ्यावरून सहीवर आणताना पूर्ण नाव एकदम गिरवायला देऊ नका. आधी नुसतं पहिलं नाव, पाटीवर, मोठ्या अक्षरांत. 'लक्ष्मी' असेल तर 'ल', मग 'क्ष', मग 'मी' असं सुटं. हात बसला की कागदावर दोन रेघांत, आणि सर्वात शेवटी आडनाव. बँकेत नमुना सही नोंदवायची घाई करू नका. एकदा नोंदली की तशीच लागते. पैसे काढताना जुळली नाही तर सगळ्यांदेखत परत फिरावं लागतं आणि मग ती पुन्हा बँकेची पायरी चढत नाही.

आमच्याकडचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. म्हसवडच्या महिलांचा बँकेसाठीचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेनं नाकारला, कारण प्रवर्तकांचे अंगठे होते. बायका लिहा-वाचायला शिकून पुन्हा गेल्या आणि १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

बिघडतं कुठं? वही सचिवाच्या नवऱ्याच्या हातात गेली की. आणि अध्यक्षपद वर्षानुवर्षं एकीकडंच राहिलं की. तिचा 'मी' फुगतो, बाकीच्यांचा होता तिथंच राहतो.

तांबडी माती (तालीम, कराड)

पोरगं तालमीत आलं की गाव त्याला लगेच पैलवान म्हणायला लागतं, धड जोर मारता येत नसतात तरी. हे नाव पोराला घडवतंही आणि खातंही.

आखाड्याची माती खोऱ्यानं उकरायची, तिच्यात ताक, तेल, लिंबू, हळद, कापूर मिसळायचा, पाणी मारून मऊ ठेवायची. या कामातून मैदान मारलेल्या पैलवानालाही सुट्टी नाही. एकाला सूट दिली की बारकी पोरं उकरणं म्हणजे कमीपणा समजतात.

जोड लावणं, म्हणजे कुणाला कुणाशी लढवायचं ते ठरवणं, हे खरं कसब. सारखी तगडी जोड दिली तर पोरगं मनानंच खाली पडून राहतं. सारखी हलकी दिली तर जत्रेत पहिल्याच झटक्याला चीतपट. म्हणून एक जोड सरस, एक बरोबरीची, आणि एक अशी की जिला यानं डाव शिकवायचा. शिकवताना त्याला आपल्याला काय येतंय ते कळतं.

हरल्यावर त्याच रात्री चिरफाड नको. दुसऱ्या दिवशी मातीत "पकड इथं सुटली" एवढंच दाखवायचं. "तुझ्यात दम नाही" म्हटलं तर त्यावर पोरानं करायचं काय? पकड सुधारता येते.

आणखी एक. खाशाबा जाधव गोळेश्वरचे. १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक आणलं, त्या प्रवासाला लोकांनी वर्गणी काढली होती. वर्गणीवर वाढलेल्या पैलवानाला हार दुप्पट जड जाते. तूप-बदामाचा हिशोब पोराच्या कानावर घालू नका, वडिलांनाही तसं बजावा.

गुडघा गेलेल्याला घरी बसवू नका. पंचाचं काम, बारक्यांचे जोर मोजणं, काहीही द्या, पण रोज तालमीत यायला लावा.

गलाई-विटा

आमच्यात पोरगं गलाईसाठी परमुलखात जातं. पहिले काही महिने त्याला फक्त तराजू द्यायचा. ॲसिडला हात लावू द्यायचा नाही. काम असं: सोन्यात साधारण तिप्पट चांदी घालून वितळवायचं, पाण्यात ओतून दाणे पाडायचे, नायट्रिक ॲसिडमध्ये उकळायचे. चांदी विरघळते, सोनं तळाशी राहतं. मग तांब्याच्या पट्ट्या सोडून चांदी परत मिळवायची. गिऱ्हाइकासमोर वजन आधी आणि नंतर. घट लपवली तर त्या बाजारातल्या सगळ्या गाववाल्यांची पत जाते. हे पोराच्या डोक्यात पक्कं बसतं.

उलटी बाजू म्हणजे यात्रेला गावी आल्यावर शेट दिसण्याची हौस. दुकानाचं भांडवल मंडपात जातं. घरच्यांनी वर्गणीचा आकडा आधीच ठरवून द्यावा.

अधीक्षक

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं तेव्हा सर्व जातींची मुलं एकत्र राहायची, जेवायची. आजही खोली लावतानाच निम्मं काम होतं. एका गावची सगळी मुलं एका खोलीत नकोत, पण अगदी एकटंही कुणी नको. दोन ओळखीची, बाकी अनोळखी. हजेरी नाव आणि क्रमांकानं घ्यावी, कारण आडनावावरून जात काढायला मुलांना वेळ लागत नाही. कामाचे गट दर आठवड्याला फिरवा. हुशारांना हिशोब आणि कच्च्यांना झाडलोट असं होऊ लागलं की दोघंही स्वतःला तसंच समजू लागतात, आणि ते पुसायला पुढची दोन वर्षं पुरत नाहीत.

कृष्णाकाठ

अधीक्षक सर, आणि मोबाइल? मुलांचा 'मी' आता लाइकवर चाललाय.

कडेगावकर

ताई, आमच्या तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा सुरू केला. साडेआठपर्यंत टीव्ही, मोबाइल बंद. एकट्या पोराला 'ठेव तो फोन' म्हटलं तर ती शिक्षा वाटते. सगळ्यांचेच बंद असले की आपलं काही चुकतंय असं वाटत नाही, मागं राहिल्याची भीतीही जाते. अट एकच, मोठ्यांचे फोनही बंद. बाप मालिका बघत बसला तर भोंगा नुसता वाजतो.

माणगंगा

गटवाल्यांसाठी राहिलेलं: आधारवर माहेरचं नाव आणि पासबुकावर सासरचं, यात कर्ज अडकतं. विवाह नोंदणीचा दाखला आधी काढून ठेवा. आणि १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाच्या नावात बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा शासनाचा क्रम आहे. जन्मनोंद करतानाच तपासून घ्या, नंतर दुरुस्तीला हेलपाटे पडतात.