भूत दाखवायचं की लपवायचं?

निशाचर:
दोन भयलघुपट करून झाले, तिसऱ्याची जुळवाजुळव चालू आहे. पहिल्यात मुंजा दाखवला होता. मुखवटा, तीन तास रंगरंगोटी, निम्मे पैसे तिथेच गेले. गावात देवळासमोर पडदा लावून दाखवला, तर मुंजा आल्या आल्या पोरं खिदळली. दुसऱ्यात चकवा घेतला. चकव्याला तोंडच नाही. रात्री घरी निघालेला माणूस तोच बांध, तोच आंबा पुन्हा पुन्हा ओलांडतो. तिसऱ्या खेपेला आंब्याखाली त्याचीच चप्पल पडलेली. मागून एक काकू ओरडल्या, "अगो बाय!" खर्च काय, तर एक जोड चप्पल.

तेव्हापासून माझं ठाम मत आहे की भूत दिसलं की खेळ खलास. 'जॉज' (१९७५) या हॉलिवूडपटातला यांत्रिक शार्क समुद्रात सारखा बंद पडायचा, म्हणून दिग्दर्शक स्पीलबर्गने तरंगती पिवळी पिंपं आणि संगीतावर भागवलं. लोक घाबरले ते न दिसणाऱ्या माशाला. रहस्यपटांचा दिग्दर्शक हिचकॉक, त्याचंही हेच म्हणणं होतं.

संकलक:
साफ असहमत. हिचकॉक नेमकं उलट म्हणायचा. १९६२ मध्ये फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला दिलेल्या मुलाखतीतलं त्याचं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण आठवा. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो. तोच बॉम्ब त्याला आधी दाखवा आणि वर माणसांना फालतू गप्पा मारत बसू द्या. पंधरा मिनिटं जीव टांगणीला. म्हणजे दाखवायचं, पण प्रेक्षकाला. पात्राला नाही. तुमची चप्पलही तुम्ही दाखवलीच की!

पुराना_वाडा:
हिंदी भयपटवाल्या रामसे बंधूंना विसरलात? त्यांच्या 'पुराना मंदिर'मधला (१९८४) राक्षस सामरी चांगला समोर उभा राहायचा. अजय अगरवाल यांची ती उंची आणि ते डोळे बघून मी आठवडाभर रात्री एकटा परसात गेलो नव्हतो. मुखवटा हलका असेल तर पोरं हसणारच, त्यात दाखवण्याचा काय दोष?

निशाचर:
सामरीवर आज पोरं हसतात हो.

हस्तर_नको:
आणि 'तुंबाड' (२०१८) चित्रपट? दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी त्यातला शापित देव हस्तर अख्खा दाखवला, लालभडक, पिठाच्या बाहुलीवर झडप घालताना. पण त्याच्या कितीतरी आधी नुसतं नाव काढलं की ती साखळदंडातली म्हातारी झोपी जाते. मला धडकी भरली ती तिथे. पुढे हस्तर दिसला तेव्हा, खरं सांगायचं तर, थोडं हायसंच वाटलं.

संकलक:
मग २०२४ मध्ये 'तुंबाड' पुन्हा थिएटरात लागला तेव्हा २०१८ पेक्षा जास्त धंदा कसा झाला? बऱ्याच जणांना सगळं ठाऊक होतं. हस्तरला पीठ हवं, पिठाच्या वर्तुळाबाहेर पाय पडता कामा नये, हे नियम माहीत असले की नायक विनायक दोरावरून त्याच्याकडे खाली उतरताना दर वेळी पोटात गोळा येतो.

हस्तर_नको:
म्हणजे भीती नियमांची. हस्तरच्या चेहऱ्याची नाही. माझंच म्हणणं झालं ना हे?

संकलक:
अर्धं.

निशाचर:
बरं, तिसऱ्यात हडळ आहे. उलटे पाय दाखवीन, चेहरा नाही.

संकलक:
पाय पहिल्याच मिनिटाला दाखवा. नायकाला मात्र शेवटपर्यंत कळू देऊ नका.

निशाचर:
शेवटपर्यंत? बाई त्याच्या घरात वावरणार आहे! त्याला पाय दिसणार नाहीत होय?

पुराना_वाडा:
नऊवारी नेसवू नका म्हणजे झालं. पाचवारी जमिनीपर्यंत सोडा.