मदत हवी आहे: गृह-आरोग्यच्या वहीत 'जुळवलेले' आकडे येतात, प्रात्यक्षिकाचे गुण द्यायचे कसे?

नमस्कार मंडळी,

मी एका ग्रामीण माध्यमिक शाळेत आठवी-नववीला मूलभूत तंत्रज्ञानातला 'गृह-आरोग्य' विभाग शिकवते. ज्यांना हा विषय ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: शास्त्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला, तिथून हा अभ्यासक्रम आला. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे चार विभाग असतात आणि आठवड्यातला एक दिवस मुलं गटागटाने हातांनी काम करतात. माझ्याकडे चिक्की, जॅम, सरबत, पाणी तपासणी, उंची-वजन, हिमोग्लोबिन असं सगळं येतं.

मुलं मन लावून काम करतात, त्याबद्दल तक्रार नाही. अडचण वह्या तपासताना येते.

उदाहरण देते. एका गटाच्या वहीत लिहिलं होतं: शेंगदाणे ५०० ग्रॅम, गूळ ४०० ग्रॅम, तयार चिक्की ९०० ग्रॅम. बेरीज अगदी चोख, पण असं होऊच शकत नाही. दाणे भाजले की ओलावा उडतो, सालं पाखडली की आणखी वजन जातं, पाक कढईला आणि उलथन्याला चिकटतो, आणि वड्या पाडताना चुरा होतो तो मुलं तिथल्या तिथे फस्त करतात. दुसऱ्या गटाच्या वहीत ८१० ग्रॅम होतं आणि पुढे पेन्सिलीने खोडून ९०० केलेलं. म्हणजे त्यांनी नीट वजन केलं होतं, मग शेजारच्यांचा आकडा बघून आपलंच चुकलं असं समजून बदललं. मला सगळ्यात जास्त हे लागलं. पुढे खर्च काढताना ९०० ने भागलं की चिक्की कागदावर स्वस्त पडते. उद्या कुणी खरंच विकायला बसलं तर नफ्याचा हिशोब तिथेच कोलमडणार.

पाणी तपासणीतही तेच. तपासणीची रसायन घातलेली बाटली मिळते, तिच्यात २० मिली पाणी भरून एक-दोन दिवस ठेवायचं, काळं पडलं तर पाणी दूषित. वहीत मात्र सगळ्यांच्या घरचं पाणी 'पिण्यायोग्य'. एका मुलाची बाटली काळी पडलेली मी स्वतः पाहिली होती. "आमच्या विहिरीचं नाव खराब होईल," म्हणाला.

हिमोग्लोबिनचं तर फारच नाजूक आहे. रक्त काढायला उपकेंद्रातल्या सिस्टर येतात, पालकांची संमती घेतो, साली (Sahli) पद्धतीच्या नळीत रक्ताचा रंग जुळवून वाचन मुलं करतात. वहीत बहुतेक मुलींचे आकडे १२ च्या वर, तेही १२.५, १२.५, १३. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. माझ्या मुली वयाने थोड्या लहान आहेत हे मान्य, तरी वर्गात एकही बाराच्या खाली नाही, हे पटत नाही. शिवाय नावानिशी लिहिलेली ही वही गटात फिरते, माझ्याकडे येते आणि वर्षअखेर बाहेरच्या परीक्षकांपुढेही जाते. ज्या मुलीचं ९ आहे तिने ते सगळ्यांसमोर का लिहावं?

सध्या २० गुणांची विभागणी अशी आहे: तयार पदार्थ किंवा निष्कर्ष ८, वही ८, तोंडी ४. आमच्याकडे हीच पद्धत आधीपासून चालत आलेली. 'बरोबर' उत्तर आणि स्वच्छ वही याला १६ गुण मिळत असतील तर मुलं आकडे जुळवणारच. त्यांना दोष देण्यात मला अर्थ वाटत नाही.

तर प्रश्न दोन. खऱ्या नोंदीला गुण मिळतील अशी मांडणी कुणी वापरली आहे का? आणि हिमोग्लोबिनसारख्या नोंदीत मोजण्याचं कौशल्य तपासायचं, पण मुलीचा आकडा चव्हाट्यावर येऊ द्यायचा नाही, हे कसं साधायचं?

प्रतिसाद १
ताई, मी बरीच वर्षं हाच विभाग सांभाळतोय. कार्बन पेपर वापरून बघा. कच्ची नोंद जागेवर, पेनाने, कार्बन ठेवून. वजन झालं की वरचं पान गटाला, खालचं तुमच्याकडे. खाडाखोड चालेल, पण आधीचा आकडा वाचता आला पाहिजे. पक्की वही घरी कितीही सुंदर लिहू देत, गुण कार्बनच्या पानाला.

आणि तक्त्यात 'घट' असा वेगळा रकाना ठेवा. कच्चे दाणे, भाजून पाखडलेले दाणे, गूळ, तयार चिक्की, कढईत राहिलेलं, चुरा. रकाना दिसला की घट होणारच हे मुलांना कळतं, मग लपवावंसं वाटत नाही. घट का झाली हे एका वाक्यात लिहायला लावा, त्याला चांगले गुण ठेवा. चिक्की मऊ पडली तरी "पाकाचा थेंब गार पाण्यात टाकला तेव्हा तो ताणला जात होता, कटकन तुटत नव्हता, तरी गॅस बंद केला" असं लिहिणारा मुलगा माझ्या लेखी पुढे आहे.

प्रतिसाद २
मी प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे, म्हणून फक्त हिमोग्लोबिनबद्दल. मुलांना स्वतःच्या नळीवर गुण देऊच नका. सिस्टरांनी एकच नमुना तयार करावा, कुणाचा ते सांगू नये. प्रत्येकाने आपापलं वाचन चिठ्ठीवर लिहावं, एकमेकांना न दाखवता. सालीच्या पद्धतीत रंग डोळ्यांनी जुळवायचा असतो, त्यामुळे वाचनात फरक पडणारच, आणि सगळ्या चिठ्ठ्यांवर तंतोतंत एकच आकडा आला तर तीच शंकेची जागा. गुण कृतीला द्या: आम्ल खुणेपर्यंतच घेतलं का, रक्त मिसळल्यावर दहा मिनिटं थांबले का, ऊर्ध्वपातित पाणी थेंबाथेंबाने घातलं का, नळी डोळ्यांच्या पातळीत आणि दिवसाच्या उजेडात धरली का.

मुलींचे खरे आकडे सिस्टरांच्या नोंदवहीत राहू द्या. कमी असेल तिला बाजूला घेऊन सांगणं, आईला बोलावणं, आठवड्याची लोहाची निळी गोळी ती घेते का हे पाहणं, ही कामं गुणांच्या आसपासही येऊ नयेत. उंची-वजनालाही हेच लागू. वर्गात मोठ्याने वजन पुकारणं आधी बंद करा.

प्रतिसाद ३
कल्पना चांगल्या आहेत, पण वर्गात साठ मुलं असतील तर कार्बनची पानं लावत बसायला वेळ कुठून आणायचा? मी पाक उकळत असताना एकेकाला दोनच प्रश्न विचारते. "आत्ता काय मोजलंस?" आणि "आकडा वेगळा आला असता तर काय समजली असतीस?" ज्याने काम केलंय तो लगेच बोलतो. गटातला कोण नुसता उभा होता तेही तिथेच कळतं. नाव आणि एक खूण, एवढंच टिपून ठेवते.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. एकच अनोळखी नमुना सगळ्यांनी वाचायचा हे मला सुचलंच नव्हतं, पुढच्या वेळी सिस्टरांशी आधी बोलून घेते. पाणी तपासणीलाही घराच्या नावाऐवजी बाटलीवर क्रमांक टाकेन. पण काळ्या पडलेल्या विहिरीची माहिती त्या घरी आणि ग्रामपंचायतीत पोचवायलाच हवी, ती जबाबदारी माझी.

कार्बन प्रत्येक मुलाला नाही, गटाला एक, असं केलं तर जमेल. नवी विभागणी अशी मनात आहे: पदार्थ ४, जागेवरची नोंद ६, घट किंवा फरकाचं कारण ६, तोंडी ४. पाक उकळतानाचे दोन प्रश्न त्या शेवटच्या चारांत.

एक गोष्ट अजून अडते. बाहेरचे परीक्षक येतात तेव्हा खाडाखोड असलेलं पान दिसलं की गुण कापतात, आणि मग मुलं म्हणतात, "बाई, तुम्हीच सांगितलं होतं." परीक्षकांना ही कच्ची पानं आधी दाखवून, मुख्याध्यापकांच्या सहीने कुणी मान्य करून घेतली आहेत का? त्यांना काय लिहून दिलंत, तेवढं सांगा.