फ्लशची टाकी झिरपतेय, वॉशर बदलूनही थांबत नाही. मदत हवी आहे

मंडळी, इंदूरहून लिहितेय. आमच्याकडे सुदामा नगरात नर्मदेचे नळ एक दिवसाआड येतात, मधल्या दिवशी बोअरिंगचं पाणी. त्यामुळे थेंबाथेंबाची काळजी वाटते.

महिनाभरापासून कमोडच्या फ्लशची टाकी झिरपतेय. फरशी कोरडी असते, म्हणून कळलंच नाही. सासूबाईंची झोप सावध, त्यांनीच सांगितलं, "रात्री कोणी उठलेलं नसतं, तरी टाकी भरल्याचा आवाज येतो गं."

ओव्हरफ्लोच्या (जादा पाणी कमोडमध्ये सोडणाऱ्या) नळीच्या तोंडाखाली दोन बोटांवर पाणी थांबतं, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणारा बॉल कॉक ठीक आहे. मग रंगपंचमीचा उरलेला गुलाबी रंग चिमूटभर टाकीत घातला आणि अर्धा तास फ्लश केलं नाही. कमोडच्या मागच्या कडेखालून गुलाबी रेघ उतरताना स्पष्ट दिसली. रात्री टाकीला पाणी देणारा अँगल कॉक बंद करून टाकीत पेन्सिलीने खूण केली. आठ तासांत पाणी ५ सेंटिमीटर उतरलं. टाकी आतून ३६ बाय १५ सेंटिमीटर, म्हणजे २.७ लिटर. दिवसाचे आठ लिटर नुसते वाहून जातात!

टाकीच्या तळाशी पाणी अडवणारं रबरी वॉशर त्याच मापाचं नवीन बसवलं. चार दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच. काढून पाहिलं तर रबर मऊ आहे, पण ते ज्या गोल कडेवर बसतं तिथे बोटाला खरखरीत लागतं. एका जागी तर क्षाराचा तांदळाच्या कणीएवढा टवका चिकटलाय. बोअरिंगच्या पाण्याचाच प्रताप, असं मला वाटतं.

ती कड प्लास्टिकची आहे. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं रात्रभर ठेवलं तर क्षार सुटेल का? पॉलिश पेपरने घासायची भीती वाटते, ओरखडा पडला तर आणखी गळेल. की ही कड आणि वॉशर ज्यात असतं, तो फ्लश व्हॉल्व्हचा अख्खा सेटच बदलावा? त्यासाठी टाकी उतरवावी लागेल. खालचे बोल्ट १४ वर्षांचे, गंजलेले. जोर लावताना टाकी तडकली तर? प्लंबर म्हणतो, कमोडच नवीन घ्या. एका झिजलेल्या कडेसाठी हे मला पटत नाही.

कोणी घरी हे काम केलंय का? बोल्ट कसे सोडवले आणि किती वेळ लागला, तेवढं जरूर सांगा. सासूबाईंना गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही आणि घरात कमोड हा एकच आहे. सकाळी काम काढलं तर संध्याकाळपर्यंत तो चालू व्हायलाच हवा.