आंब्यावरची फळमाशी: सापळ्यात फक्त नरच का येतात?

प्रश्न (ठाणे, येऊरच्या पायथ्याजवळून)
नमस्कार. आमच्या सोसायटीच्या आवारात आंब्याची जुनी झाडे आहेत. फळमाशीच्या डंखामुळे पाडाला आलेली फळे आतून सडू लागली, म्हणून यंदा मिथाइल युजेनॉल या गंधद्रव्याचा सापळा टांगला. त्यात माशा भरपूर पडतात, परंतु अंडी घालण्याची टोकदार नळी त्यांपैकी एकीच्याही पोटाला दिसत नाही, म्हणजे त्या सगळ्या नरच असाव्यात. हा वास मादीचा समजावा का? आणि मादी कोणती, प्रतिस्पर्धी कोण, हेही कीटकांना वासावरूनच कळते का?

उत्तर १
तो वास मादीचा नाही. मिथाइल युजेनॉल वनस्पतींत तयार होते. अंगणातल्या तुळशीतही ते असते. नर ते चाटतो, शरीरात त्याचे रूपांतर दुसऱ्या गंधद्रव्यांत होते आणि ती गुदाजवळच्या ग्रंथीत साठतात. दिवेलागणीला अनेक नर एकाच झाडावर जमतात, प्रत्येक जण एकेक पान धरून बसतो, त्यावर दुसरा नर उतरलाच तर त्याला हुसकावून लावतो आणि पंख थरथरवत साठवलेला गंध हवेत सोडतो. हे द्रव्य चाटलेल्या नराकडे माद्या अधिक ओढल्या जातात. म्हणजे आपल्या सापळ्याकडे झेपावणारा नर मादीला बोलावण्याचे साधन मिळवायला आलेला असतो, आणि मला ही गोष्ट फार विलक्षण वाटते.

या आकर्षणाचा शोध भारतातच लागला, हे आवर्जून सांगतो. बिहारमधील पुसा येथील कीटकशास्त्रज्ञ हॉवलेट यांनी सिट्रोनेला तेलाकडे फळमाशीचे नर येतात हे १९१२ साली नोंदवले आणि १९१५ साली मिथाइल युजेनॉलचे आकर्षण दाखवून दिले.

उत्तर २ (वाशी)
वांग्यातील शेंडे व फळे पोखरणाऱ्या अळीसाठी शेतकरी जे कामगंध सापळे लावतात, त्यांत मात्र खरोखर मादी पतंगाचाच गंध असतो. असा गंध प्रथम ओळखला गेला तो रेशमाच्या पतंगात: १९५९ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ बुटेनान्ट यांनी सुमारे ५ लाख माद्यांच्या ग्रंथींतून तो वेगळा केला.

प्रतिस्पर्ध्याबद्दल विचाराल, तर पिकल्या केळ्यांवर घोंघावणारी चिलटे पाहावीत. मीलनाच्या वेळी नर आपले एक गंधद्रव्य मादीच्या अंगावर सोडतो, त्यामुळे इतर नरांना तिच्यात फारसा रस राहत नाही. तेच द्रव्य दुसऱ्या नराच्या अंगावर जाणवले, की नर अधिक आक्रमक होतात.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. मग नर सापळ्यात पडले, की आंबे वाचतील असे धरावे का?

उत्तर १
पूर्णपणे नाही. डंख मादी करते, आणि एक नर अनेक माद्यांशी मीलन करू शकत असल्यामुळे थोडे नर उरले तरी पुढची पिढी तयार होते. म्हणून सापळा फळे पाडाला येण्याआधीच टांगावा, शेजारच्या सोसायट्यांनाही लावायला सांगावे आणि गळून पडलेली फळे रोज वेचून खोल पुरावीत, कारण त्यांतल्या अळ्या त्याच झाडाखालच्या मातीत कोशात जातात.