'मराठी विसरा' म्हणे!

बर्फातला_कोकणी: काल इथे कुणीतरी लिहिलंय, 'जर्मनमधलं झाइन-ईर (त्याचा-तिचा) नीट यायला हवं तर मराठी विसरा, इंग्रजीतून विचार करा.' डोकं फिरलं, म्हणून हा धागा. इंग्रजी 'हर'ला पुढे भाऊ असो की बहीण, काही फरक पडत नाही. आपल्याकडे 'तिचा भाऊ, तिची बहीण'. 'ति'वरून मालकीण कळते, 'चा-ची' पुढच्या नामावर. जर्मन डिट्टो: 'ईर ब्रुडर', 'ईरं श्वेस्टर'. 'तिच्या भावाला' म्हणताना रूप बदलतोच ना आपण? मग 'ईरम ब्रुडर' कशाला जड जावं? 'मला थंडी वाजते'चंही 'मीर इस्ट काल्ट' सरळ होतं. इंग्रजीतून येणारा 'इश बिन काल्ट' म्हणतो, म्हणजे 'मी थंड माणूस आहे'!

व्याकरणमावशी: सोयीचं तेवढंच सांगताय. 'त्याला पाहिलं', 'त्याला मदत केली', मराठीत दोन्हीकडे 'त्याला'. जर्मनमध्ये पाहायला 'ईन', मदतीला 'ईम'. बारा वर्षं शिकवतेय, दर बॅचला 'इश हेल्फं ईन' लिहिणारे निघतातच. आणि 'आपला'? 'तो आपल्या बायकोबरोबर आला' याचं एकाने 'मिट उन्झरर फ्राउ' केलं, म्हणजे 'आम्हा सगळ्यांच्या बायकोबरोबर'. सगळ्यांची मिळून एक!

बर्फातला_कोकणी: तो दोष जर्मनचा. 'एर लीब्ट झाइनं फ्राउ', म्हणजे 'त्याचं त्याच्या बायकोवर प्रेम आहे'. स्वतःची की मित्राची? मराठीत 'आपल्या बायकोवर' म्हटलं की विषय संपला.

पेठकर: भाषेचे दोष काढून परीक्षेत मार्क मिळत नाहीत हो. खरी गोची 'झी'ची. ती पण झी, ते पण झी, अन् कॅपिटल केलं की तुम्ही! घरमालकिणीला ईमेलमध्ये 'तुमचं घर' म्हणून 'ईरं वोनुंग' लिहिलं, छोट्या आयने. उत्तर आलं, 'कोणाचं घर?' सत्तरीची बाई. पुढे तीच म्हणाली, मला 'डू' (तू) म्हण. माझी जीभच वळेना. काकूंना अरे-तुरे करू?

हिंजवडी_ते_हाम्बुर्ग: आईला 'तू' म्हणताच की.

पेठकर: आईचं वेगळं. वडिलांना आम्ही 'अहो बाबा'च म्हणतो.

हिंजवडी_ते_हाम्बुर्ग: पेठेतले शिष्टाचार पेठेत ठेवा. तिथे मोठ्या माणसाने 'डू' देऊ केल्यावर तुम्ही 'झी'च धरून बसलात, तर त्याला वाटतं याला जवळीक नको. प्रार्थनेत देवालाही 'डू'च म्हणतात. तुम्ही विठोबाला 'अहो विठ्ठलराव' म्हणता काय?

पेठकर: विठोबाला मधे आणू नका. आणि पेठेवर घसरायचं काम नाही. तुमच्या हिंजवडीत शेजाऱ्याचं नाव तरी माहीत असतं का?

बर्फातला_कोकणी: अरे, धागा माझा आहे! 'दास मेडशन' (मुलगी) नपुंसक म्हणून खिदळणाऱ्यांनाही सांगून ठेवतो, आमच्या मालवणीत मुलगी 'ता चेडू'. नपुंसकच. आम्हाला मेडशनचं काडीचं नवल नाही.

व्याकरणमावशी: चेडू आवडलं. 'ईर ब्रुडर'वालं उद्या तासाला वापरीन, तुमचं नाव न घेता. पण 'ला'चं उत्तर अजून आलेलं नाही.

पेठकर: अन् मी काकूंना काय म्हणायचं ते राहिलंच. सध्या वाक्यं अशी फिरवतो की सर्वनामच लागू नये.

बर्फातला_कोकणी: मावशी, 'ईम' घेणारी क्रियापदं, 'हेल्फन, डांकन, फोल्गन' (मदत करणं, आभार मानणं, मागे जाणं), मीही घोकूनच पाठ केलीत. झालं समाधान?