एमएस कर्नाटकातून, दवाखाना कोल्हापुरात: नेत्रतज्ज्ञाची नोंदणी कशी करायची?

दृष्टी_कोल्हापूर:
नमस्कार. एमबीबीएस आणि एमएस (नेत्ररोग) दोन्ही कर्नाटकातून झालंय. नोंदणी कर्नाटक मेडिकल कौन्सिलकडे आहे, पण तिथे फक्त एमबीबीएस चढलंय. कोल्हापुरात आधी ओपीडी आणि वर्षभरात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सुरू करायची आहे. पाटी लावण्याआधी काय काय लागतं? पदव्यांवर माहेरचं नाव आहे, आधारवर सासरचं.

स्लिटलॅम्प:
एमएसची पदवी हातात असणं आणि ती रजिस्टरवर चढणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमची गाडी नेमकी तिथेच अडेल, म्हणून क्रम चुकवू नका. आधी कर्नाटकातच एमएसची ॲडिशनल क्वालिफिकेशन (जादा पात्रता) म्हणून नोंद करून घ्या. मग तिथूनच एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) मागा, म्हणजे तिच्यात दोन्ही पदव्या येतील. घाईने नुसत्या एमबीबीएसवर एनओसी घेतली, तर त्याच एमएसच्या पडताळणीसाठी मुंबईतल्या महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलपुढे पुन्हा सगळे कागद मांडावे लागतात. एनओसी निघाल्यापासून महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा क्रमांक हाती येईपर्यंत रुग्ण तपासू नका. नोंदणीशिवाय व्यवसाय केल्यास 2019 च्या राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोग कायद्यात एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्हीची तरतूद आहे.

आता नावाचं. पदवीवर आद्याक्षरं आणि आधारवर नवऱ्याच्या नावासकट पूर्ण नाव, एवढ्यावरही अर्ज त्रुटीत निघू शकतो. सगळ्यात सोपं म्हणजे व्यवसाय माहेरच्याच नावाने करा. नाव बदलायचंच असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करून घ्या, नुसत्या प्रतिज्ञापत्रावर विसंबू नका. आणि ते काम अर्जाच्या आधी उरका. नंतर केलंत तर प्रमाणपत्र, शिक्का, लेटरपॅड सगळं दुसऱ्यांदा करावं लागेल.

रेटिना_नाशिक:
वरच्या उत्तरात थोडी भर. नोंदणी क्रमांक पाटीपुरता नसतो. डॉक्टरांसाठीच्या 2002 च्या आचारसंहितेनुसार तो दवाखान्यात दिसला पाहिजे, शिवाय प्रिस्क्रिप्शन, दाखले आणि पैशांची पावती या तिन्हींवर छापलेला हवा. पावतीवर हमखास राहून जातो. फेकोची (मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची एक पद्धत) किंवा रेटिनाची (डोळ्याच्या पडद्याची) खासगी फेलोशिप ॲडिशनल म्हणून चढत नाही, त्यासाठी अर्ज करून वेळ घालवू नका. नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी, त्यासाठी कॉन्फरन्सना हजर राहून मिळणारे 30 क्रेडिट पॉइंट लागतात. कॉन्फरन्सचं प्रमाणपत्र मिळालं की त्यावर कौन्सिलने दिलेले पॉइंट छापलेत का, ते तिथेच बघा.

दृष्टी_कोल्हापूर:
फार मदत झाली. नुसती ओपीडी असेल तर नर्सिंग होमची नोंदणी लागेल का? आणि जैववैद्यकीय कचऱ्याचं काय?

ओटी_सिस्टर:
रुग्ण दाखल करत नसाल, नुसती तपासणी असेल तर नर्सिंग होमची नोंदणी लागत नाही. शस्त्रक्रिया सुरू करण्याआधी मात्र घ्या. तुमच्याकडे ती महापालिकेच्या आरोग्य विभागातून मिळेल. मुदत तीन वर्षं, आणि ती 31 मार्चला संपते.

कचऱ्याची परवानगी ओपीडीलाही लागते. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अर्ज करा आणि कचरा उचलणाऱ्या सामायिक केंद्राशी करार करा. खाटा नसतील तर ही परवानगी एकदाच घ्यावी लागते. ओटी (शस्त्रक्रियागृह) सुरू झाली की कचरा वेगवेगळा करणं आलंच: रक्ताळलेला कापूस आणि डोळ्यावरची पट्टी पिवळ्या पिशवीत, प्लास्टिकच्या नळ्या आणि सुई काढलेली सिरिंज लाल पिशवीत, काचेच्या बाटल्या निळी खूण असलेल्या डब्यात. सगळ्यात जास्त चुकतं ते केराटोम आणि साइडपोर्ट ब्लेडचं, म्हणजे डोळ्याला छेद देणाऱ्या पात्यांचं. इवलंसं पातं असतं, ड्रेपमध्ये (रुग्णावर अंथरलेल्या निर्जंतुक कापडात) गुंडाळलं जाऊन पिवळ्या पिशवीत जातं आणि उचलणाऱ्याच्या हाताला लागतं. केस संपली की ड्रेप गोळा करण्याआधी पाती मोजा आणि पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात टाका.

स्लिटलॅम्प:
बी-स्कॅन (डोळ्याच्या सोनोग्राफीचं यंत्र) घेणार असाल तर यंत्राची ऑर्डर देण्याआधी पीसीपीएनडीटीच्या (गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याच्या) समुचित प्राधिकाऱ्यांना लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या. यंत्र आल्यावर विचारायला जाऊ नका. पुढे कॉर्निया प्रत्यारोपण करायचं झालं तर अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली रुग्णालयाची वेगळी नोंदणी लागते, ती पाच वर्षांची असते. मोतीबिंदूला तिची गरज नाही.